किटोवर वर्ष झालं असेल तर रक्ताचा रिपोर्ट असा वाचा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं रक्त काढते आहे. हल्ली समोर बसलेला माणूस बाही वर करता करता विचारतो, "मॅडम, मी किटोवर आहे, चालेल ना?" असं विचारणाऱ्यांची मला काळजी नसते, न सांगता हात पुढे करणाऱ्यांची असते. मशीनला फक्त सिरम, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, कळतं. तुम्ही दोन वर्षं पोळी-भात सोडून अंडी, पनीर आणि तुपावर आहात, हे रिपोर्टमध्ये कुठेच उमटत नाही. शेजारी छापलेल्या मर्यादा रोजचं वरण-भात-भाजी-पोळी जेवणाऱ्यांना धरून ठरवलेल्या असतात. मग एखादा आकडा ठळक छापून आला की काही जण घाबरून त्याच दिवशी सगळं सोडतात, आणि काही जण "किटोमध्ये असंच असतं" म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकतात.

माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गटातला. घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. किटोवर १४ किलो उतरला, घोरणं थांबलं, गुडघे दुखायचे थांबले, आणि त्या आनंदात अडीच वर्षं त्याने रक्तच तपासलं नाही. त्याच्या पहिल्या रिपोर्टने मला जे शिकवलं आणि रोज कामात जे दिसतं, ते या वाटेवर नवीन असलेल्यांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी गोळ्यांची पाकिटं तपासा

मधुमेहाची गोळी चालू असेल आणि पाकिटावरच्या बारीक अक्षरांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव असेल, तर पुढचं वाचायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला पिष्टमय पदार्थ, म्हणजे कार्ब, जवळजवळ बंद केले, तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आणि आम्ल साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. घरच्या ग्लुकोमीटरवर १६० दिसतं, घरचे निर्धास्त राहतात, आणि माणूस उलट्या करत असतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, गुंगी येणं यातलं काहीही या गोळीवर असताना झालं, तर ग्लुकोमीटर काय दाखवतो ते न बघता थेट रुग्णालय गाठा आणि "मी किटोवर आहे, ही गोळी घेतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून डापाग्लिफ्लोझिन खूप स्वस्त झाली आहे. आता ती हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांनाही देतात, म्हणून पाकीट वाचाच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर किटोवर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही कमी करावा लागू शकतो. हे बदल डॉक्टरांनी करायचे, आपण मनाने नाही. गरोदर बायका, किडनीचा आजार असलेले आणि टाइप १ मधुमेही यांनी तर डॉक्टर सोबत असल्याशिवाय किटोच्या वाटेला जाऊ नये.

जुना रिपोर्ट शोधा

किटो सुरू करण्याआधीचा एक तरी रिपोर्ट हवा. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा असेल, विम्यासाठी केलेला असेल, बाळंतपणाच्या फाइलमधला असेल. आजचा आकडा एकटा काही सांगत नाही. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आज १९५ आहे, पण पाच वर्षांपूर्वी पोळी-भात खात असतानाही १८० होता, तर गोष्ट किटोची नाही, बहुधा घराण्याची आहे. तेव्हा १०५ होता आणि आता १९५, तर ती ताटाची आहे. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी आधी एकदा रक्त द्यावं आणि मगच पोळीचा डबा बंद करावा.

तपासण्या कोणत्या? 'फुल बॉडी, ८० टेस्ट' अशी पॅकेजं स्वस्त दिसतात, पण त्यात सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, एकेक आकडा वेगळी टेस्ट म्हणून मोजलेला असतो, आणि किटोवाल्याला हव्या त्या दोन-तीन नेमक्या नसतात. तुम्हाला हवं ते असं: सीबीसी, लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिव्हरच्या तपासण्या, क्रिएटिनिन आणि युरिया, युरिक अॅसिड, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२, व्हिटॅमिन डी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. यात अपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांच्या दोन तपासण्या आवर्जून मागून घ्या. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण ती जवळजवळ सगळी आईवडिलांकडून येते आणि आहाराने फारशी हलत नाही.

लॅब निवडताना एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता बघा आणि पुढच्या वेळीही त्याच लॅबमध्ये जा. दोन लॅबच्या पद्धतींत थोडा फरक असतोच, आणि मग फरक तुमच्यात पडला की मशीनमध्ये, हे कळत नाही.

कधी जायचं आणि कसं जायचं

वजन झपाट्याने उतरत असताना लिपिड तपासू नका. साठलेली चरबी वितळून रक्तात येत असते आणि कोलेस्टेरॉल तात्पुरतं वर दिसू शकतं. वजनाचा काटा तीन-चार आठवडे एका जागी थांबला की जा. ताप येऊन गेल्यावर लगेच नको. रविवारी येऊरला चढून आलात किंवा जिममध्ये पायांचा व्यायाम जोरात केलात, तर सोमवारी रक्त देऊ नका. दुखावलेल्या स्नायूंमधून एसजीओटी आणि थोडं एसजीपीटीही (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एन्झाइम्स) रक्तात येतं आणि लिव्हर बिघडल्यासारखं दिसतं. दोन-तीन दिवस थांबा.

उपास दहा ते बारा तासांचा. इथे किटोवाले हमखास चुकतात, कारण त्यांना उपाशी राहायची सवय झालेली असते. रात्री सातला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला येतात आणि "अठरा तास झाले, चांगलंच ना?" म्हणतात. अठरा तासांच्या उपासाचे आकडे बारा तासांच्या आकड्यांशी ताडून बघता येत नाहीत. साधं पाणी मात्र भरपूर प्या. पाणी कमी प्यायलेल्यांची शीर सापडत नाही आणि युरिया उगाच वर दिसतं. बटर घातलेली कॉफी म्हणजे जेवणच. एकदा एक गृहस्थ "फक्त कॉफी घेतली" म्हणाले, आणि सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर आली तेव्हा सिरम गढूळ, दुधात पाणी घातल्यासारखं. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

आता केसांची गोष्ट. किटो सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळांचे केस गळतात, विशेषतः वजन भराभर उतरलं असेल तर. मग बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या काही तपासण्यांमध्ये ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटा कमी दाखवतं. थायरॉइडचा काहीच त्रास नसलेल्या बाईला थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट मिळू शकतो. तपासणीआधी बायोटिन किमान दोन दिवस, मात्रा मोठी असेल तर तीन दिवस बंद ठेवा. जिमवाल्यांनी क्रिएटिन पावडर घेत असल्याचं सांगावं, कारण तिने क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि किडनीबद्दल विनाकारण शंका येते.

घरी येऊन रक्त नेणारे पुष्कळ आहेत, सोयही आहे. पण सकाळच्या घोडबंदरच्या गर्दीत तुमची ट्यूब आणखी दहा घरं फिरत असेल, तर आकडे बदलतात. पेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात. वेगळं न काढलेल्या रक्तात दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची ट्यूब वापरतात ना, ते बघा. सिरम वेळेत वेगळं केलं नाही तर पोटॅशियम खोटं वाढतं. सुई टोचल्यावर मूठ सारखी उघडझाप केल्यानेही वाढतं. मूठ एकदा बंद केली की पुरे. जमत असेल तर स्वतः लॅबमध्ये येऊन रक्त द्या.

आणि फॉर्मवर, नाव-वयाच्या खाली, स्वतःच्या हाताने लिहा: किटो आहार, इतके महिने, दिवसाला अंदाजे इतके ग्रॅम कार्ब, चालू औषधं ही. रिपोर्ट बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला आणि तुमच्या डॉक्टरांना त्या एका ओळीने फार मदत होते.

कोलेस्टेरॉल

इथे सावकाश वाचा. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी दिसतात: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) खाली येतं, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) थोडं वर जातं, आणि एलडीएल कुणाचं जागेवर राहतं, कुणाचं उतरतं, कुणाचं प्रचंड वाढतं. पहिल्या दोन गोष्टी चांगल्या आहेत. तिसरीवर भांडणं होतात.

भावाचा आकडा होता २१४. तो कसा आला ते बघा, म्हणजे तुमचाही कळेल. एकूण कोलेस्टेरॉल २९०, एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड ७०. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ सालच्या फ्रीडेवाल्डच्या सूत्राने काढतात. एकूणमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २९० वजा ६२ वजा १४ म्हणजे २१४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, आणि ट्रायग्लिसराइड फार कमी असेल तेव्हाही त्याची अचूकता थोडी घसरते. म्हणून किटोवर असताना "डायरेक्ट एलडीएल करा" असं सांगावं, आणि अपो-बी तर करावीच. धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे अशा कणांची मोजणी थेट होते. भावाने मला सांगून पाहिलं, "ताई, माझे कण मोठे आणि हलके आहेत, ते त्रास देत नाहीत." त्याची अपो-बी केली. वाढलेली होती. कण मोठे असोत की छोटे, संख्या जास्त होती.

दुसरा दिलासा लोक देतात तो ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच्या गुणोत्तराचा. ते कमी असणं चांगलंच. शरीराला इन्सुलिन नीट मानवतंय याची ती खूण आहे. पण ती खूण एलडीएलचा धोका पुसत नाही. अंगाने बारीक, व्यायाम करणाऱ्या, कार्ब अगदी कमी खाणाऱ्या लोकांमध्ये एलडीएल २०० च्या वर, एचडीएल ८० च्या वर आणि ट्रायग्लिसराइड ७० च्या खाली असं चित्र दिसतं. आपण तब्येतीने ठणठणीत आहोत म्हणून तो आकडा निरुपद्रवी आहे, असं मानायला मी तयार नाही. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्यांपेक्षा कमी वयात गाठतो, हे मी लॅबच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं बघते आहे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात निरोगी माणसालाही एलडीएल १०० च्या आत ठेवायला सांगितलं आहे. धोका जास्त असलेल्यांना ७० च्या आत, आणि फारच जास्त असलेल्यांना ५५ च्या आत.

एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल तर आठवड्याभरात फिजिशियनची वेळ घ्या. जाण्याआधी टीएसएच नॉर्मल आहे ना ते बघा, कारण मंदावलेला थायरॉइडही एलडीएल वाढवतो. घरात कुणाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला होता का, हेही विचारून ठेवा. लायपोप्रोटीन-ए ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो वेगळा धोका आहे, आणि तो तूप सोडून कमी होत नाही.

परदेशातल्या लोकांशी आकडे ताडून बघताना एकक तपासा. तिकडे पुष्कळ ठिकाणी मिलिमोल वापरतात. कोलेस्टेरॉलसाठी त्याला ३८.६७ ने गुणायचं, साखरेसाठी १८ ने. कुणी "माझं एलडीएल फक्त ५.५ आहे" म्हणालं, तर ते आपल्या हिशेबात जवळजवळ २१३ आहे.

साखर

एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.४ पर्यंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. किटोवर हा आकडा बहुधा छान दिसतो. गोंधळ होतो उपाशीपोटीच्या साखरेचा. वर्षभर किटो केलेल्या माणसाची ती कधी १०२, १०५ येते आणि तो हादरतो: "साखर खातच नाही, मग वाढली कशी?" स्नायू चरबीवर चालायला शिकलेले असतात, साखर मेंदूसाठी मागे ठेवतात, आणि पहाटे लिव्हर थोडी साखर सोडतंच. एचबीए१सी ५.३ असेल आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन कमी असेल, तर एवढ्याने घाबरू नका. एचबीए१सीही चढत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

ग्लुकोज पिऊन करायची जीटीटी किटोवरून थेट येऊन करू नका. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब, म्हणजे पोळी-भात नीट जेवून या. नाहीतर शरीराला अचानक आलेली साखर पेलत नाही आणि मधुमेह नसताना तो असल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो.

हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असेल तर तो भरवशाचा राहत नाही. आमच्या भागात आणि उल्हासनगरकडे सिंधी कुटुंबं पुष्कळ आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी समाजात मायनरचं प्रमाण जास्त आहे. सीबीसीमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बराच कमी दिसला तर डॉक्टरांना विचारा, साखरेसाठी फ्रुक्टोसामाइन करता येतं.

बाकीचं

युरिक अॅसिड पहिल्या काही आठवड्यांत वाढतं, कारण बाहेर पडण्यासाठी किडनीत किटोन आणि युरिक अॅसिड यांची एकाच दारावर गर्दी होते. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं खाली येतं. आधी गाउट (युरिक अॅसिडने सांधे सुजणं) झालेला असेल किंवा मुतखडा असेल तर मात्र वाट बघत बसू नका.

युरिया थोडं वाढलेलं असणं प्रोटीन जास्त खाणाऱ्यांत नेहमीचं. क्रिएटिनिन वाढलं असेल तर आदल्या रात्रीच्या मटणाचा आणि स्नायूंचा विचार करा. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी तपासणी करून घ्या. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या वर गेलं, तर ते आहारावर ढकलू नका. एसजीपीटी फॅटी लिव्हरवाल्यांचं वजनाबरोबर उतरतं, आणि हा किटोचा मी पाहिलेला सगळ्यात सुखद परिणाम आहे. टी-३ थोडं कमी आणि टीएसएच नॉर्मल, असं दिसलं तर तेवढ्यावरून थायरॉइडची गोळी सुरू होत नाही. बी१२ शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी दर वर्षी तपासावं.

लघवीच्या पट्टीवर किटोन फिके दिसायला लागले म्हणून कुणी कार्ब आणखी कमी करू नये. पट्टी अॅसिटोअॅसिटेट मोजते. रक्तात मुख्य किटोन असतो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. आहारातल्या किटोसिसमध्ये तो साधारण ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान असतो.

आकडा वाईट आला तर

भावाने काय केलं ते सांगते. रोज बटर कॉफी, चार चमचे तूप, खोबरेल तेलात परतलेलं पनीर, असा त्याचा बेत होता. कॉफीतलं बटर गेलं. तूप एका चमच्यावर आलं. फोडणीला शेंगदाण्याचं तेल आलं. आठवड्यातून तीनदा बांगडा किंवा तारली, ताटात जवसाची आणि कारळ्याची चटणी, मुठीत बदाम-अक्रोड, रात्री इसबगोल. आणि दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी. त्याच्या कार्बचा हिशेब २० वरून साधारण ६० ग्रॅमवर गेला. बारीक अंगाच्या माणसांमध्ये एवढ्या थोड्या कार्बनेही एलडीएल बरंच खाली येऊ शकतं. वहिनीने अर्धी भाकरी वाढली त्या दिवशी तो ती बघतच बसला होता.

अडीच महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, बारा तासांच्या उपासाने, पुन्हा रक्त काढलं. एलडीएल १४८. आहार बदलल्यावर खरा फरक दिसायला निदान सहा-आठ आठवडे लागतात, त्याआधी तपासून पैसे घालवू नका. आकडा खूप उतरला होता, पण लायपोप्रोटीन-ए ९२ निघाली होती आणि बाबांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आला होता. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, बाबांची जुनी फाइल बघितली आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली. भावाला वाईट वाटलं. आहारानेच सगळं होईल, अशी त्याची आशा होती. मी त्याला बाबांच्या अँजिओग्राफीची तारीख आठवून दिली, आणखी काही बोलले नाही.

आता त्याची तपासणी सहा महिन्यांनी होते. गोळीमुळे लिव्हरची चाचणीही सोबत असते. परवा सकाळी साडेसातला आला, पाण्याची बाटली संपवली, खुर्चीत बसला आणि मी विचारायच्या आत फॉर्म ओढून नावाखाली स्वतः लिहिलं: लो-कार्ब, रोज ६० ग्रॅम, रोसुवास्टॅटिन १०, रात्रीचं जेवण पावणेआठला, बायोटिन नाही.